मातृवंश

गुरुवारी सकाळी शालन मोहिते शेडमधून बाहेर आली ती चार मेलेल्या कोंबड्या पायांना धरून. प्रयोगशाळेच्या ओट्यावर तिनं त्या ओळीनं ठेवल्या आणि म्हणाली, "मॅडम, तीन नंबरच्या कप्प्यात आज आवाजच न्हाई. बाकीच्या बसून हायेत, पण डोळं मिटून. तुरं बघा कसं काळं-निळं पडल्यात."

पशुवैद्यक डॉ. केतकी शेडगे यांनी चहाचा कप बाजूला ठेवला, हातमोजे चढवले आणि पहिल्या कोंबडीची चोच उघडली. घशातून कापसाचा बोळा फिरवला, तो द्रावणात बुडवला आणि चाचणीपट्टीवर थेंब टाकला. पट्टीवर एक रेघ उमटली तर ठीक, दोन म्हणजे बर्ड फ्लू. दहा मिनिटांनी दोन उमटल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या कोंबडीची चाचणी केली. तिथंही दोनच.

"काय झालंय?" शालननं विचारलं.

"जीवनसत्त्वाची कमतरता दिसतेय," केतकी म्हणाल्या. "खाद्याची नवी पोती आली ना, त्यात काहीतरी गडबड असणार."

शालननं मान हलवली. बारा वर्षं ती या कोंबड्यांत होती, केतकींच्याही आधीपासून. मॅडमनी सांगितलेलं तिनं कधी पडताळून पाहिलं नव्हतं. ती हात धुवायला गेली, आणि केतकींनी दोन्ही पट्ट्या कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकल्या. आपण नेमकं काय केलं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. ते कळलं नव्हतं, असं त्या पुढं कधीच म्हणाल्या नाहीत.

उंबरेवाडीच्या सड्यावर, पवनचक्क्यांच्या रांगेच्या पलीकडं, दुहेरी जाळीच्या कुंपणात हे केंद्र होतं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं, काळ्या कातळाचं पठार. जवळपास दुसरी कोंबडी नाही, तळं नाही, पाणपक्षी उतरत नाहीत, म्हणूनच ही जागा निवडलेली. आत येणाऱ्यानं दोनदा आंघोळ करायची, केंद्राचे कपडे घालायचे आणि एकवीस दिवस आतच राहायचं. मग दहा दिवस सुट्टी. एका पाळीला दोन माणसं पुरत. फाटकावरचा पहारेकरी बाहेरच्या बाहेर. हा सगळा बंदोबस्त चारशे बारा कोंबड्यांसाठी होता, आणि त्या कोंबड्या दिसायला अगदीच सामान्य होत्या. मळकट रंग, बारीक चण, महिन्याला जेमतेम दहा अंडी. चोरालाही मोह होऊ नये अशा.

त्यांचं मोल होतं ते त्यांच्या पेशींत.

प्राण्याच्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाच्या शेकडो बारीक भट्ट्या असतात. खाल्लेल्या दाण्याची शक्ती होते ती तिथं. या भट्टीचे थोडे भाग तिच्या स्वतःच्या जनुकांवरून घडतात आणि बाकीचे पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून. केंद्रकातली जनुकं आई आणि बाप दोघांकडून निम्मी निम्मी येतात. भट्टी मात्र सबंधच्या सबंध आईकडून येते, अंड्यातून. दोन ठिकाणी घडलेले हे भाग एकमेकांत नीट बसले तर दाण्यातली शक्ती वाया जात नाही. सैल बसले तर गळती होते, आणि ती गळती पेशीलाच पोळते.

दोन वेगळ्या वंशांचा संकर केला की पहिली पिढी आईबापांहून दणकट निघते, हे जनावरं पाळणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. त्याला संकरओज म्हणतात. त्या ओजाचं एक मूळ या भट्टीत आहे, हे धरून शास्त्रज्ञांनी शेकडो वंशांच्या माद्या तपासल्या, आणि त्यात ही मळकट कोंबडी सापडली. कागदोपत्री तिचं नाव एम-चार. तिच्यावर एका उंच, लाल नराचा संकर केला तेव्हा जे पिल्लू निघालं त्यानं सगळ्यांना चकित केलं. निम्म्या खाद्यावर ते वाढायचं, चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात धापा न टाकता हिंडायचं आणि वर्षाला तीनशे अंडी द्यायचं. उन्हाळे लांबत चालले होते, मका आणि सोयाबीन पुरत नव्हतं. दहा वर्षांत देशातल्या पाचांपैकी चार अंडी या संकराची झाली. गावोगाव तिला 'सड्याची कोंबडी' म्हणत. बाकीचे वंश परवडत नाहीत म्हणून मोडीत निघाले.

पण हे ओज एकाच पिढीचं होतं. पहिल्या पिढीतल्या पिल्लाजवळ आईच्या केंद्रकातला एक अख्खा संच असतो, त्यामुळं आईची भट्टी जुळून राहते. त्याच्या पुढच्या पिढीत संच फुटतात, पत्ते पिसल्यासारखे मिसळतात, आणि आईच्या भट्टीला परके भाग मिळू लागतात. दोन वर्षांपूर्वी खालच्या गावातल्या बचत गटाच्या बायका एक खोकं घेऊन फाटकावर आल्या होत्या. घरच्याच कोंबड्यांची अंडी त्यांनी उबवली होती. खोक्यात साठ-सत्तर पिल्लं होती, गळपिशव्या दाण्यांनी भरलेल्या आणि मानेनं जमीन गाठलेली. खात होती आणि उपाशी मरत होती. शालननं एक पिल्लू तळहातावर घेऊन बराच वेळ फुंकर घातली. मग ते खोक्यात ठेवून दिलं.

म्हणून दर वर्षी पहिली पिढी नव्यानं काढावी लागे, आणि त्यासाठी शुद्ध एम-चार माद्या हव्यात. त्यांचा दुसरा कळप विदर्भातल्या एका केंद्रात होता. गेल्या मे महिन्यात तिथली वीज अकरा तास गेली आणि तो कळप उष्म्यानं मेला. त्यानंतर मातृवंश म्हणून जगात जे काही उरलं ते या शेडमध्ये होतं.

नियम साधा होता. पट्टीवर दोन रेघा दिसल्या की त्याच घटकेला पुण्याच्या मुख्य कार्यालयाला कळवायचं. चोवीस तासांच्या आत पथक येतं, सगळे पक्षी मारतं, अंडी जाळतं. निदान झाल्यावर शेडमधून घेतलेली कुठलीही वस्तू जतन करायची नाही. या विषाणूनं तीन वर्षांपूर्वी आंध्रात माणसं मेली होती, त्यामुळं नियमाला अपवाद नव्हता.

वंश वाचवायचा एकच रस्ता होता. कोंबडीचं अंडं गोठवून ठेवता येत नाही, बलकामुळं. नराचं वीर्य गोठवता येतं, पण भट्टी त्यातून येत नाही. मात्र अंडं उबवायला ठेवल्यावर साधारण पंचावन्न तासांनी, गर्भ नखाएवढा असताना, त्याच्या रक्तात अशा पेशी फिरत असतात की ज्यांतून पुढं त्याची स्वतःची अंडी तयार व्हायची असतात. त्या पेशी काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवता येतात. पुढं कधीही दुसऱ्या कोंबडीच्या गर्भात सोडून त्यांतून पुन्हा एम-चार उभी करता येते. केतकी हे तंत्र शिकून आल्या होत्या. यंत्र आलं होतं, टाकी आली होती. मंजुरीची फाइल दोन वर्षं फिरत होती.

पंचावन्न तास. गुरुवारी सकाळी अंडी ठेवली तर शनिवारी दुपारी.

पहिला कप्पा शेडच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याची हवाही वेगळी. केतकींनी तिथल्या वीस कोंबड्या तपासल्या. सगळीकडं एकच रेघ. तिथली ताजी चौऱ्याहत्तर अंडी त्यांनी गोळा केली, निर्जंतुक केली आणि आठ वाजता उबवणीयंत्रात ठेवली.

मग त्या भिंतीवरच्या लाल पेटीपुढं उभ्या राहिल्या. तिच्यात विषाणूविरोधी गोळ्या होत्या. संपर्क आलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी सुरू करायच्या. पेटीला मोहोर होती, आणि ती तोडली की पुण्याच्या कार्यालयात आपोआप संदेश जायचा. केतकी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. कपाटातला जाड मास्क काढून त्यांनी स्वतःच्या तोंडावर चढवला.

"मोठा मास्क घातला आज," शालन म्हणाली.

"धुळीचा त्रास होतोय."

शालनलाही एक मास्क द्यावा, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण दिला असता तर का, हे सांगावं लागलं असतं. शालनला खोटं जमत नसे. रोज संध्याकाळी ती फोनवर मुलीला दिवसभराचं सगळं सांगायची, कोणती कोंबडी खुडूक बसली इथपर्यंत. केतकींनी तिला एवढंच बजावलं, "शेडमध्ये आता जाऊ नका. खाद्य-पाणी यंत्रावर चालेल. तुम्ही माझ्याबरोबर प्रयोगशाळेत थांबा."

शुक्रवारी शालनचे एकवीस दिवस भरत होते. सकाळीच आंघोळ करून, घरचं लुगडं नेसून ती पिशवी भरून बसली. तिची मुलगी समृद्धी बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. समृद्धी खालच्या गावात अंगणवाडी सेविका होती. शालन तिचं कौतुक सांगताना आवाज मुद्दाम खाली आणायची.

केतकींना रात्रभर झोप नव्हती. हिला आता गावात सोडलं तर आजार गर्भार पोरीच्या उशाशी जाऊन बसेल. थांबवायचं तर कारण हवं.

"शालनताई, बाहेरच्या आंघोळीच्या खोलीतलं निर्जंतुकीकरण बंद पडलंय. दुरुस्तीचा माणूस रविवारी येतोय. तोवर कुणालाच बाहेर जाता येणार नाही."

"आवं, पण पोरीचं पोट खाली आलंय. कवाबी होईल."

"मला कळतंय. पण माझाही नाइलाज आहे."

शालन पिशवीकडं बघत राहिली. "रविवार म्हंजी रविवार ना?"

"रविवार."

मग तिनं घरचं लुगडं सोडलं, घडी घातली आणि पुन्हा केंद्राचा निळा गाऊन चढवला. केतकींना वाटलं, ही भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या दुपारी ऊन सणसणीत होतं. केतकींना खुर्चीत बसल्या बसल्या अर्धा तास डुलकी लागली. जाग आली तेव्हा शालन प्रयोगशाळेत नव्हती. त्या धावत शेडकडं गेल्या. शालन तीन नंबरच्या कप्प्यात उकिडवी बसून, ओंजळीतून एका कोंबडीला पाणी पाजत होती. तोंडावर नुसता रुमाल होता, तोही घसरलेला. कप्प्यात अकरा कोंबड्या मरून पडल्या होत्या.

"नळीपर्यंत जायचं त्राण न्हाई ह्यास्नी," ती म्हणाली. "तहानंनं मरतील."

"मी सांगितलं होतं ना, आत जाऊ नका म्हणून."

"सांगितलंत खरं. पण आवाज येत हुता." शालननं मॅडमच्या तोंडावरच्या मास्ककडं पाहिलं, मग त्यांच्या डोळ्यांकडं. उठून हात धुवायला गेली.

समृद्धी शनिवारी सकाळी बाळंत झाली. मुलगी झाली. शालननं तिला फोनच्या पडद्यावर पाहिलं, पडद्यावरून बोट फिरवलं, आणि नंतर दुपारभर केतकींच्या हाताखाली न थकता काम केलं. अंड्याच्या कवचाला खिडकी पाडायची, गर्भ ताटलीत घ्यायचा, केतकींच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा. केसाहून बारीक काचनळीतून केतकी रक्ताचा कण ओढून घेत. चौऱ्याहत्तरपैकी एकसष्ट अंड्यांतून पेशी मिळाल्या. पाच वाजता एकशे बावीस कुप्या टाकीत गेल्या, आणि टाकीच्या तोंडाशी पांढरी वाफ उठून विरली.

"कशासाठी एवढी घाई हुती मॅडम?" शालननं विचारलं.

"कळेल," केतकी म्हणाल्या.

सव्वापाचला त्यांनी नवी चाचणीपट्टी घेऊन चाचणी केली, तिचा फोटो काढला आणि पुण्याला फोन लावला. नोंदवहीत लिहिलं: शनिवार, प्रथम निदान.

पथक रविवारी पहाटे आलं. नऊपर्यंत शेड रिकामी झाली होती. दोघींना गोळ्या सुरू केल्या आणि वेगळ्या खोल्यांत ठेवलं. केतकींच्या चाचणीत विषाणू सापडला नाही. शालनला संध्याकाळी ताप भरला. सोमवारी सकाळी तिला कऱ्हाडच्या एका रुग्णालयाच्या विलगीकरण कक्षात हलवलं, आणि केतकी पथकाच्या गाडीतून मागोमाग गेल्या.

तिथल्या डॉ. नौशीन इनामदार तिशीच्या होत्या, झोप न मिळालेल्या. त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं, "पहिला संपर्क कधीचा?"

केतकींनी विलगीकरण कक्षाच्या दाराकडं पाहिलं.

"मला दिवस नक्की हवाय," डॉ. इनामदार म्हणाल्या. "प्रतिपिंडांचं इंजेक्शन आहे आमच्याकडे. संपर्कापासून पहिल्या तीन दिवसांत दिलं तर विषाणूला धरतं. त्यानंतर शरीराची स्वतःची लढाई पेटलेली असते. त्या वेळी दिलं तर फुफ्फुसांचा दाह उलट वाढतो. मग दुसऱ्या औषधांवर जावं लागतं."

गुरुवार सांगितला तर नोंदवही खोटी ठरते. नोंदवही खोटी ठरली की कुप्या निदानानंतरच्या ठरतात, आणि निदानानंतरचं सगळं जाळायचं असतं. हे सगळं केतकींच्या डोक्यातून एका दमात गेलं. त्यापाठोपाठ असंही आलं, की शालन दणकट आहे, ताप आज उतरेल.

"शनिवार," त्या म्हणाल्या.

इंजेक्शन अकरा वाजता दिलं.

मंगळवारी सकाळी काचेपलीकडं शालन उशांना टेकून बसवलेली होती. नाकात नळ्या, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. काचेच्या दोन्ही बाजूंना बोलायला फोन होता. तो उचलायला तिला बराच वेळ लागला.

"मॅडम, गुरवारीच कळलं हुतं का हो तुमास्नी?"

केतकींनी काचेवर हात टेकला. "हो."

"तरीच. त्यो मोठा मास्क." शालन श्वासासाठी थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. केतकी तो शोधत होत्या. "हितल्या डॉक्टरीनबाई सारख्या दिवस इच्यारत्यात. म्या सांगितलं, मॅडमनी सांगितला त्योच. त्यो बरुबर हाय का?"

"नाही."

"मग त्यांस्नी सांगा की. मला कशापायी सांगताय?"

केतकी व्हरांड्यातून जवळजवळ पळत गेल्या. डॉ. इनामदारांनी ऐकून घेतलं, हातातला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूकडं बघत म्हणाल्या, "काल हे कळलं असतं तर मी ते इंजेक्शन दिलं नसतं. वाचल्याच असत्या, असं मी म्हणणार नाही. पण दिलं नसतं." मग त्या कक्षाकडं निघून गेल्या. जाताना धावल्या नाहीत.

शालन मोहिते बुधवारी दुपारी गेली. समृद्धीला आत सोडणं शक्य नव्हतं. पाच दिवसांचं मूल घरी ठेवून ती रुग्णालयाच्या फाटकाशी उभी होती. तिच्याकडं जायची हिंमत केतकींना झाली नाही.

पुढच्या आठवड्यात पुण्यात संचालकांच्या दालनात केतकींनी सगळं सांगितलं. संचालक डॉ. सबनीस निवृत्तीला आलेले, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. दाराला आतून कडी घालून ते परत खुर्चीत बसले.

"कुप्यांची तपासणी झाली," ते म्हणाले. "विषाणू नाही. एकही नाही. शेडगे, तुम्ही काय वाचवलंय याची तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे. म्हणूनच सांगायला आले. गुन्हा माझा आहे. मला शिक्षा होऊ दे."

"शिक्षा तुम्हाला होईल, आणि कुप्या जाळल्या जातील. दोन्ही एकाच कागदावर आहे. मग दोन वर्षांनी अंडी कुठून आणायची? गरोदर-बाळंत बायकांची, शाळांतली, अंगणवाड्यांतली?" त्यांनी एक छापील अहवाल पुढं सरकवला. "तुम्ही त्या दिवसांत ताणाखाली होता. रुग्णालयात काय बोललात ते तोंडी होतं. डॉ. इनामदारांच्या कागदावर शनिवारच आहे."

केतकींनी अहवाल वाचला. निदान शनिवारी झालं होतं. त्यानंतर कर्मचारी श्रीमती शालन मोहिते यांनी, स्पष्ट मनाई असतानाही, मास्क न लावता बाधित कप्प्यात प्रवेश केला. मृत्यूस त्यांचा स्वतःचा निष्काळजीपणा कारणीभूत.

"हे खोटं आहे."

"त्या आत गेल्या होत्या की नव्हत्या?"

"पाणी पाजायला गेल्या होत्या."

"पण गेल्या होत्या," डॉ. सबनीस म्हणाले. आवाज तसाच मऊ होता.

केतकी खाली उंबरेवाडीत शालनच्या घरी गेल्या तेव्हा तेरावा होऊन गेला होता. समृद्धी ओटीवर मुलीला मांडीवर घेऊन तेल लावत होती. समोर तो अहवाल होता, पाट्याखाली दाबून ठेवलेला.

"बसा मॅडम," ती म्हणाली. "आईनं नियम मोडला म्हणतात. बारा वर्षांत तिनं कधी आतली काडी घरी आणली नाही. मला हे कळतच नाहीये."

केतकी बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी गुरुवारपासूनचं सगळं सांगितलं. पट्ट्या, लाल पेटी, बंद न पडलेली आंघोळीची खोली, इंजेक्शन. काहीच वगळलं नाही. समृद्धीचे हात बाळाच्या पाठीवर थांबले होते. तेल ओघळून खाली सतरंजीवर उतरलं.

ती म्हणाली, "तुम्ही तिला विचारलं असतंत तर ती थांबली असती."

तिनं हातानंच सतरंजीवरचं तेल पुसलं.

"अडीच दिवस ना? सांगितलं असतंत, शालनताई असं असं आहे, गावातल्या पोरांच्या अंड्यांचा प्रश्न आहे, तर मास्क लावून थांबली असती. मला फोनवरसुद्धा सांगितलं नसतं. तिला जमत नाही असं तुम्हाला वाटलं. जमलं असतं."

"समृद्धी, मी हे सगळं पोलिसांत लिहून द्यायचं म्हणते. तुझ्या आईवरचा ठपका निघेल. पण मग त्या कुप्या राहणार नाहीत. दोन वर्षांत सड्याची कोंबडी संपेल. तुझ्याच अंगणवाडीतल्या मुलांना... म्हणून आधी तुला विचारायला आले."

समृद्धीनं प्रथमच मान वर केली. डोळे कोरडे होते.

"आता मला विचारताय होय? मी नको म्हटलं तर आई दोषी ठरते. हो म्हटलं तर पोरांच्या ताटातलं मी काढलं. असलं माझ्या डोक्यावर ठेवू नका. ते तुमचं तुम्ही बघा." तिनं बाळाला फडक्यात गुंडाळलं आणि घरात गेली. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आली नाही.

त्याच दिवशी दुपारी केतकी पाटणच्या पोलीस ठाण्यात गेल्या. ठाणे अंमलदारानं जबाब लिहून घेतला. मध्येच पेन थांबवून त्यानं विचारलं, "कोंबड्यांबद्दलच आहे ना हे सगळं?" केतकी म्हणाल्या, "नाही. शालन मोहित्यांबद्दल आहे."

डॉ. सबनीस सांगत होते तसं मात्र झालं नाही. कुप्या कुणी जाळल्या नाहीत. वर्तमानपत्रांत आरडाओरडा झाला, कुप्या वाचवा म्हणून अर्ज गेले, जाळा म्हणूनही गेले, आणि निकाल लागेपर्यंत टाकीला मोहोर लावून ती मुद्देमाल म्हणून जमा झाली. नायट्रोजन उडून जातो. दर तीन आठवड्यांनी भर घालावी लागते. निलंबित अवस्थेत, केतकींनी जिल्हाधिकाऱ्यांना, न्यायालयाला, आपल्याच जुन्या कार्यालयाला पत्रं लिहिली, की एवढी भर तरी घालू द्या, हवं तर तुमच्या माणसासमोर. उत्तरं आली. मुद्देमालाला हात लावण्याचे अधिकार या कार्यालयास नाहीत. पाच महिन्यांनी मोहोर निघाली तेव्हा टाकी खोलीइतकीच गरम होती. तळाशी एकशे बावीस कुप्या ओळीनं उभ्या होत्या.

पहिल्या पिढीच्या शेवटच्या कोंबड्या पुढची दीड-दोन वर्षं अंडी देत राहिल्या. लोकांनी त्यांची पिल्लं काढून पाहिली. जुने वंश शोधायला माणसं डोंगरांत हिंडली. त्यांना थोड्या कोंबड्या सापडल्या, उन्हात धापा टाकणाऱ्या. अंडं आधी बाजारातून महाग झालं, मग गावांतून दिसेनासं झालं. केतकींना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले अकरा महिने त्यांनी भोगले. पशुवैद्यकाची नोंदणी कायमची गेली.

सुटून आल्यावर महिन्याभरानं, एका बुधवारी सकाळी त्यांना फोन आला. आवाज ओळखायला क्षणभर लागला.

"मॅडम, शालन मोहित्यांची समृद्धी बोलतेय. आजपासून अंगणवाडीतलं अंडं बंद झालं. बुधवारचं होतं तेवढंच उरलं होतं, तेही गेलं. पोरं ताटं घेऊन बसलीत. गूळ-शेंगदाणे दिलेत."

"हं," केतकी म्हणाल्या.

"तुम्हाला बोल लावायला फोन नाही केला." मागं मुलांचा गलका होता. त्यात एक लहान पोर जवळच कुठंतरी रडत होतं. "न्यायालयाचा कागद आलाय आईच्या ठपक्याचा, आत्ता कुठं. घरात मोठ्यानं वाचून दाखवावा असं कुणी नाही. मी एकटीनं दोनदा वाचला. तुम्हाला वाचून दाखवू?"

"वाच."

कागदाची घडी उघडल्याचा आवाज आला. समृद्धीनं घसा साफ केला, आणि वर्गात वाचावं तसं स्पष्ट, एकेक शब्द सुटा करत वाचायला लागली. "मयत शालन बाजीराव मोहिते, वय त्रेपन्न, यांच्याकडून नियमाचा कोणताही भंग झालेला नाही. त्यांना आजाराची कल्पना देण्यात आलेली नव्हती..." तिथं ती थांबली. मुलं आपोआप गप्प झाली होती. मग तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.